दोन जाहिरातींएवढा लेख

आईला आणि मला मिळून चपलांचा एकच जोड होता. कॉलेजच्या दिवशी तो माझ्या पायात असायचा, सुट्टीच्या दिवशी आईच्या. आई कांद्याच्या वावरात निंदणीला, काढणीला रोजानं जायची. "वावरात चप्पल लागतीच कशाला, ढेकळात अडकती," असं ती म्हणायची. दादा, म्हणजे माझे वडील, राहुरीच्या मार्केट यार्डात हमाल होते. कांद्याची आवक असली की घरात डाळ शिजायची, आवक थांबली की मिठाबरोबर भाकरी. आमचं घर बुद्धविहाराच्या मागे, पत्र्याचं. पावसाळ्यात माझी पुस्तकं खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून आढ्याला टांगलेली असत. आम्ही भिजलो तरी चालायचं, पुस्तकं भिजायची नाहीत, हा दादांचा कायदा.

दादा अंगठा लावायचे, आईही अंगठा. अशा घरात मी बी.ए. झाले. मराठी विषय घेऊन झाले, दुसऱ्या वर्गात झाले, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. निकाल लागला त्या दिवशी शेजारची काकू दारात येऊन म्हणाली, "झालीस म्हनं बी.ए. आता कांदे काय इंग्रजीत निवडनार का?"

"मराठीत निवडीन. विषय मराठी होता," मी म्हटलं.

पण कांदे निवडायला जायचं नव्हतं मला. नोकरी पाहिजे होती. गावात एक साप्ताहिक निघायचं, चार पानांचं. त्याचे मालक आणि संपादक एकच, हायस्कूलमधून निवृत्त झालेले एक सर. घराच्या पुढच्या खोलीत कार्यालय, मागच्या पडवीत पायानं चालवायचं छापखान्याचं यंत्र. मी गेले, नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि थांबले. आडनाव ऐकल्यावर माणसाचा चेहरा काय करतो ते बघायची सवय लागलेली असते. सरांचा चेहरा काहीच करेना. त्यांनी एक प्रूफ पुढे सरकवलं आणि म्हणाले, "यातल्या चुका काढ."

मी काढल्या. त्यातल्या दोन त्यांच्याच अग्रलेखातल्या होत्या. सरांनी चष्मा वर करून त्या दोन परत वाचल्या आणि म्हणाले, "सोमवारपासून ये."

बातम्या लिहायच्या, प्रुफं वाचायची आणि जाहिराती आणायच्या, अशी कामं होती. माझा पगार जाहिरातींतूनच निघायचा. आणि जाहिराती येत त्या सणाला. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, सव्वीस जानेवारी, नाहीतर कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस. मग 'शुभेच्छुक' म्हणून खाली नावांची रांग. ज्याचं नाव तो पेपर घेणार, नाव बघणार आणि घडी घालून ठेवणार. बाकीच्या आठवड्यांत शेवटचं पान निम्मं रिकामं. तिथे सर सुविचार टाकत. सुविचाराचे कुणी पैसे देत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा सरांनी मला समोर बसवलं. "हे बघ, सणाच्या जाहिरातींवर सण निघतो, वर्ष निघत नाही. माझी पेन्शन सगळी कागदात चाललीय. घरी बोलणी बसतात. दिवाळीपर्यंत साध्या आठवड्यांच्या जाहिराती मिळायला लागल्या तर ठीक. नाहीतर दिवाळी अंक काढायचा आणि यंत्र विकायचं."

यंत्र गेलं की माझी नोकरी गेली. आमच्या घरातली महिन्याच्या पगाराची पहिली नोकरी होती ती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेत गेले ते थेट भांड्यांच्या शेठच्या दुकानात. शेठ सणाला न चुकता जाहिरात द्यायचे. मी म्हटलं, "शेठ, दर आठवड्याला द्या."

"ताई, तुम्ही जाहिराती कुठे छापता? शेवटच्या पानावर. आणि शेवटच्या पानाचं लोक काय करतात?"

"काय करतात?"

शेठनी समोर हॉटेलाकडं बोट दाखवलं. एक माणूस आमच्या शेवटच्या पानावर भजी घेऊन खात होता. तेलानं एका दुकानाचा पत्ता पार पारदर्शक झाला होता. "पहिल्या पानावर बातमी, शेवटच्यावर भजी," शेठ म्हणाले. "भज्यांखाली मला जागा नको."

मला राग आला, पण माणूस खरं बोलत होता. आमच्या पेपरात जाहिराती आणि मजकूर लग्नातल्या पंगतीसारखे वेगवेगळे बसायचे, बाया एकीकडं, गडी एकीकडं. मी सरांना म्हटलं, "जाहिरात लेखाच्या मधोमध घालू."

"लेखाच्या पोटात भांडी?" सर उठून उभेच राहिले.

"पोटात गेलेलंच अंगी लागतं, सर."

ते हसले. एका अंकापुरतं कबूल झाले. पण अडचण वेगळीच निघाली. आमच्या पेपरात शेतीचा मजकूर बोटभर यायचा. बोटभर मजकुराच्या मध्ये चौकट घातली तर वर दोन ओळी, खाली दोन ओळी, आणि मध्ये हे थोरलं पातेलं. म्हणजे लेख वाढवणं भाग होतं. त्या दिवसांत शेतकऱ्यांना एकच घोर होता, कांद्याचं बी पावसाळाभर कसं राखायचं. मी कृषी विद्यापीठात गेले, तिथल्या एका साहेबांना गाठलं, सगळं विचारून घेतलं आणि अर्धं पान भरेल असा लेख लिहिला. मधोमध शेठची जाहिरात. शेठना सांगितलं, ही फुकट. बघा आणि ठरवा.

अंक निघाला त्या दिवशी दादा संध्याकाळी यार्डातून आले. हातपाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "व्हय गं, कांद्याच्या बियाला स्टीलचाच डबा का लागतो?"

"कोण म्हणालं?"

"तूच. पेपरात लिव्हलंयस न्हाई का. बी सावलीत वाळवायचं, खडखडीत झालं की घट्ट झाकनाच्या स्टीलच्या डब्यात भरायचं. डबे बाजारपेठेतल्या शेठकडं मिळत्यात. लग्नकार्याला भाड्यानं पन देत्यात." दादा थांबले. "पन लग्नाला कांद्याचं बी कशाला लागतं, ते काय आमा कुनालाच उमगलं न्हाई. लई वाद झाला हाटेलात."

मी भाकरीचा तुकडा ताटात टाकून पेपर उघडला. मग ध्यानात आलं आणि मी इतकी हसले की आई चुलीपुढून उठून बघायला आली.

झालं होतं असं. यार्डाच्या दारात हॉटेल होतं आणि हॉटेलाला लागून एका टेलर मास्तरांचं दुकान. दोघांचा ओटा एकच. आमचा पेपर यार्डात निम्म्या लोकांना वाचता यायचा नाही, म्हणून चहाच्या वेळेला मास्तर ओट्यावर बसून तो मोठ्यानं वाचत आणि हमाल, गाडीवान, कांदे घेऊन आलेले शेतकरी ऐकत. मास्तर भजनी मंडळातले. दम मोठा. एकदा सूर लागला की थांबणं नाही. ओळीखाली ओळ येईल तसं वाचत खाली उतरायचे. चौकट बिवकट त्यांच्या लेखी रेघोट्या. लेखातून ते थेट शेठच्या दुकानात शिरले आणि दुकानातून परत लेखात आले, श्वास न सोडता.

मला तोवर वाटायचं की पेपर वाचणाऱ्यांसाठी असतो. आमचा पेपर ऐकणाऱ्यांसाठी होता, आणि ऐकणारे वाचणाऱ्यांच्या कितीतरी पट होते. त्यांत माझा बाप होता. मीच लिहायची आणि मलाच माहीत नव्हतं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः चालत कार्यालयात आले. शेठ गल्ला सोडून कुठं जात नसत. "ताई, काय केलंत काय? कालपासनं शेतकरी येतायत. बियाणाचा डबा दाखवा म्हणतात. मी म्हटलं, डबा पिठाचा असतो, डाळीचा असतो. बियाणाचा कसला? तर मलाच म्हणतात, पेपर वाचत नाही का शेठ?"

"मग?"

"मग काय, डाळीचे डबे बियाणाचे म्हणून दिले."

मी हसले, पण सर हसले नाहीत. "हे बरोबर नाही," ते म्हणाले. "लोकांना वाटलं विद्यापीठच डबा घ्या म्हणतंय. ही फसवणूक आहे, मग ती मास्तरांच्या तोंडून का होईना." सायकल काढून ते तसेच विद्यापीठातल्या साहेबांकडे गेले. परत आले तेव्हा चेहरा जरा सैल होता. साहेब पोट धरून हसले होते म्हणे. झाकण घट्ट पाहिजे आणि आत ओल नको, एवढंच खरं. डबा स्टीलचा असो नाहीतर पत्र्याचा. म्हणजे कुणाचं नुकसान नव्हतं. तरी सरांनी दोन गोष्टी ठरवल्या. पुढच्या अंकात खुलासा छापायचा, आणि इथून पुढं प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर छपाईच्या ठळक खिळ्यांत 'जाहिरात' हा शब्द टाकायचा.

मला वाटलं, संपलं. 'जाहिरात' म्हटल्यावर मास्तर ती सोडून पुढं जाणार.

पुढचा अंक निघाला तशी मी ब्लाउज शिवायला टाकायचं निमित्त काढून मास्तरांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. बाईमाणसानं हॉटेलात बसायची रीत नव्हती, पण टेलरच्या दारात कुणी उठवत नाही. मास्तरांनी पेपर उघडला, खुलासा वाचला. "पत्र्याचा बी चालतोय म्हनं!" म्हणून एकजण ओरडला. मग लेख सुरू झाला आणि मास्तर त्या शब्दापाशी आले. थांबले. चष्मा नीट केला. खाकरले. आणि दवंडी द्यावी तसा आवाज चढवून म्हणाले, "जाऽहिरात!"

हॉटेलातल्या सगळ्या माना वळल्या. मास्तरांनी शेठची ती जाहिरात आख्खी वाचली, पत्त्यासकट, लेखापेक्षा मोठ्या आवाजात.

"पुन्हा म्हना मास्तर, त्ये झारीचं काय म्हनलं?"

"किती रुपय, ते न्हाई का लिव्हलं?"

"ते लिव्हलं तर तू दुकानात कशाला जाशील?" मास्तर म्हणाले आणि पुढं लेखाला लागले.

मी तिथून घरी चालत गेले नाही, उडत गेले. खरं सांगून जाहिरात जास्त ऐकली जाते, हे मला त्या ओट्यावर कळलं.

मग मी जोरात सुटले. अर्ध्या पानात एक जाहिरात बसते, तर आख्ख्या पानात तीन बसतील. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी कुणाला कधी आणि का, असा पानभर लेख लिहिला. तिसरी जाहिरात अगदी तळाला, एका फोटो स्टुडिओची. टेलरच्या दारात परत उभी. पहिल्या जाहिरातीपर्यंत सगळे कान देऊन, दुसरीच्या वेळी पेले रिकामे, आणि नंतर एकेक जण उपरणं झटकून उठायला लागला. मास्तरांचाही घसा बसला. "ऱ्हायलेलं उद्या," म्हणून त्यांनी घडी घातली. दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात कुणीतरी मिरच्या बांधून नेल्या.

स्टुडिओवाला आला तो हसतच आला, पण टोमणा मारायचा तो मारलाच. "ताई, तुमचा लेख म्हणजे घाट आहे, आणि माझं दुकान घाटाच्या वर. निम्म्यात सगळ्यांना चक्कर येते."

मग लेख केवढा लिहायचा? बोटभर लिहिला तर जाहिरात बसत नाही, पानभर लिहिला तर माणूस बसत नाही. सर म्हणाले, शब्द मोजून ठरव. पण शब्द मोजून ते ठरेना. एक लेख छोटा असून कंटाळवाणा व्हायचा, दुसरा मोठा असून पुरायचा नाही. उत्तर घरात सापडलं, चुलीपुढं.

संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि मी तिच्याशेजारी बसून लेख वाचून दाखवायची. तिला आवडलं की ती विचारायची, "मंग?" कंटाळली तर काही बोलायची नाही, फक्त भाकरीवरचा हात जोरात पडायला लागायचा. थप, थप, थप. मी पेन्सिल घेऊन बसायची. थप आलं की ओळी छाटायच्या. 'मंग' आलं की तिथे खूण करायची. त्या खुणेवर जाहिरात.

विहिरीवरच्या मोटरी का जळतात, यावर लेख होता तेव्हाची गोष्ट. एका शेतकऱ्याची मोटर तीनदा जळली, गडी वैतागला, आणि शेवटी वायरमननं येऊन काय बघितलं, इथवर मी वाचलं आणि थांबले.

"मंग?"

"मग जाहिरात."

"आगं सांग की, काय बघितलं?"

"आधी जाहिरात ऐक. कापड दुकानाची आहे."

"मेली तुझी जाहिरात." दोन थापा. "कसलं कापड?"

मी मांडी थोपटून हसले. पदर सावरत आईनं नऊवारी पातळांची जाहिरात पूर्ण ऐकून घेतली, मग वायरमननं काय बघितलं ते ऐकलं. लेखाला दोनदा 'मंग' आलं की तो पुरेसा झाला, तिसऱ्यांदा तिला भाकऱ्या उतरवायची घाई असायची. मास्तरांच्या ओट्यावरही तसंच. चहाचा एक पेला दोन 'मंग' पुरायचा. सर यंत्रावरच्या माणसाला सांगायला लागले, "आज दोन जाहिरातींएवढा लेख आहे." आमच्याकडे ते मापच झालं, जसं कापडाला वार.

परवा भाचीनं मला विचारलं, "मावशी, ब्लॉगवर लेख किती शब्दांचा ठेवला की जाहिराती जास्त दिसतात?" मी म्हटलं, आधी तो कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखव, पण ज्याचे हात कामात आहेत अशा माणसाला. तिला वाटलं मी टाळतेय.

सरांनी आणखी एक नियम घातला, डब्याच्या प्रकरणावरून शहाणे होऊन. ज्या विषयाचा लेख त्या धंद्याची जाहिरात त्यात नको. मोटरीच्या लेखात जळलेली मोटर भरून देणाऱ्याची नाही, कांद्याच्या लेखात औषधवाल्याची नाही. दसऱ्याच्या सुमाराला शेतीऔषधांचे एक दुकानदार आले, तालुक्यातले मोठे. म्हणाले, "कांद्यावरच्या करपा रोगावर लेख लिहा, त्यात आमच्या औषधाचं नाव घाला. वर्षभर पाव पान माझं." सरांनी माझ्याकडं बघितलं. दिवाळी तोंडावर होती, आणि त्या एका माणसावर आमचं निम्मं वर्ष निघालं असतं. सर पुढ्यातली प्रुफं जुळवत राहिले. पेन्शन त्यांची चालली होती कागदात, त्यांना मोह पडला तर मी काय म्हणणार होते?

मीच म्हटलं, "चौकटीत घाला साहेब, कितीही मोठं. लेखात नाही जमायचं."

"चौकटीतलं कोण वाचतं?"

"कुणी वाचत नाही. ऐकतात."

त्यांना ते पटलं नाही, गेले. सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "बरं झालं तू बोललीस. मी बोललो असतो तर वेगळंच बोललो असतो." घरी दादांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचं औशिद वाईट हाय का?" मी म्हटलं, माहीत नाही. "मंग बरुबर केलं. माहीत न्हाई ते मास्तरच्या तोंडी कशाला घालायचं."

दिवाळीचा अंक निघाला, शुभेच्छांनी भरलेला, दरवर्षीसारखा. त्याचा काही उपयोग नव्हता. प्रश्न त्याच्या पुढच्या अंकाचा होता, साध्या आठवड्याचा. भाऊबीज झाली आणि मी कार्यालयात गेले तर आतून भांडणाचे आवाज. मला वाटलं यंत्राचं गिऱ्हाईक आलं.

आत शेठ आणि स्टुडिओवाले समोरासमोर उभे. मध्ये सर, हातात कुणीतरी आणलेला चिवड्याचा पुडा.

"पहिल्या 'मंग'ची जागा माझी," शेठ म्हणत होते. "पहिल्यापासून तिथे मी आहे. डबा माझा गाजला."

"तुम्ही पावसाळाभर गाजलात शेठ. आता लगीनसराई आलीय. फोटो आधी का भांडी आधी?"

"भांडी! भांड्याशिवाय रुखवत मांडतात का?"

"मग रुखवताचा फोटो कोण काढतं?"

कापड दुकानाचा मुनीमही येऊन बाकावर बसला होता, पाळी यायची वाट बघत. सरांनी मला दारात बघितलं आणि हात जोडल्यासारखं केलं. "बाई, तुम्हीच मिटवा. हे 'मंग' तुमच्या घरचं आहे."

सरांनी मला 'तुम्ही' म्हटलं ते पहिल्यांदा. मी पदर खोचला, टेबलाशी बसले आणि मिटवलं. एका आठवड्याला शेठ आधी, दुसऱ्या आठवड्याला स्टुडिओ आधी. मुनीमजींना दर आठवड्याला दुसरं 'मंग', आणि दोघांपैकी ज्याची पहिली जागा हुकली त्याच्यासाठी पहिल्या पानावर नवीन लेख, तोही दोन जाहिरातींएवढा. तिघांनी वर्षभराचं कबूल केलं. औषधवाले दुकानदार संक्रांतीच्या आसपास आले, चौकट घ्यायला.

साप्ताहिक बंद पडलं नाही. यंत्र विकलं नाही. पुढच्या वर्षी ते चार पानांचं सहा पानांचं झालं, आणि पहिल्या पानावर संपादकांच्या नावाखाली माझं पूर्ण नाव छापलं गेलं, आडनावासकट, सहसंपादक म्हणून. आमच्या घरातलं छापून आलेलं ते पहिलं नाव.